पडद्यावर काय आलंय?

१

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या कुणीतरी गमतीने ठेवलं आणि ते चिकटलं. लहानपणी तापात डोळे गेले, तेव्हापासून या गृहस्थाने सगळा कारभार कानांवर सोपवला होता. पोटही कानांवरच भरायचं. लोकांच्या मीटिंगा, मुलाखती, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल, सगळ्यांची रेकॉर्डिंग ऐकायची आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा. काम घरूनच चाले. स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी खोली होती. तिच्यात एक टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, वर कीबोर्ड, आणि मागे भिंतीला टेकून मॉनिटर. मॉनिटर त्याच्या काही कामाचा नव्हता. तो पाहुण्यासारखा नुसता बसून असे.

पडद्यावरचं सगळं त्याला एक प्रोग्रॅम वाचून दाखवायचा. आवाज बाईचा, सपाट आणि घाईघाईचा. बायको त्या आवाजाला 'माझी सवत' म्हणायची. "दिवसभर तिच्याशी गुलुगुलू, आणि भूक लागली की हाका मला," असं ती स्वयंपाकघरातून ऐकवायची, आणि कानसेन मुद्दाम सवतीचा आवाज मोठा करायचा.

पण सवतीला एक गोष्ट जमत नसे. कॉम्प्युटर मध्येच कोसळला की निळा पडदा येतो. यंत्राने हात टेकले, असं सांगणारी ती एक पाटीच असते, आणि काय बिघडलं त्याचा कोड तिच्यावर लिहिलेला असतो. मात्र तोवर सगळेच प्रोग्रॅम मेलेले असतात, सवतीसकट. डोळे असणाऱ्याला निळा पडदा दिसतो. कानसेनला नुसती शांतता मिळायची. मग तो हाक मारायचा, "पडद्यावर काय आलंय गं?"

बायको हात पुसत यायची, त्याच्या उजव्या कानाशी वाकायची आणि वाचायची. तिची सुरुवात ठरलेली होती. "अहो, रडकं तोंड आलंय." पाटीच्या सगळ्यात वर खरोखरच एक तोंड पाडलेला चेहरा असतो. मग मजकूर, मग टक्के. बंद होण्यापूर्वी यंत्र आपली माहिती गोळा करत असतं, तो आकडा शंभरावर गेला की ते पुन्हा सुरू होतं. शेवटी कोड. कोडातल्या इंग्रजी शब्दांच्या मध्ये खाली रेघ असते, तिला बायको 'पायरी' म्हणायची. "मेमरी पायरी मॅनेजमेंट." ती काही गाळायची नाही. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्याही ती अशाच सगळ्याच्या सगळ्या वाचून दाखवायची.

ती गेली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. सकाळी चालत हॉस्पिटलात गेली आणि संध्याकाळी लोक कानसेनला सांगायला आले की चेहरा अगदी शांत होता. चेहरा शांत होता हे ऐकून त्याने काय करायचं? त्याला आवाज हवा होता, आणि तो कुणी ठेवून घेतला नव्हता. दुनियेचे आवाज दिवसभर कानांत घेऊन बसणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या बायकोचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. ती समोर होती, तेव्हा असं काही सुचतं का कुणाला?

२

ऑफिसने कामाचा नवा प्रोग्रॅम पाठवला आणि जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागला. बायकोचा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचा. घरात कुठलीही वस्तू उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून बहिणीनेच त्याला लहानपणी 'खटपट्या' हे नाव दिलं होतं. तो आला, डबा उघडला आणि मेमरीची एक जास्तीची पट्टी बसवून गेला. "आता बघा भाऊजी, घोड्यासारखा पळेल," म्हणाला.

घोडा दुसऱ्या दिवशी दुपारीच बसला. कानसेन कसल्याशा मीटिंगचं टाइप करत होता. हेडफोनमध्ये बोलणाऱ्याचा एक शब्द अर्ध्यात अडकला, टर्रर्र असा ओढला गेला आणि सगळं थांबलं. सवत गप्प झाली. पंखा तेवढा फिरत राहिला.

हेडफोन काढत कानसेन वैतागून ओरडला, "पडद्यावर काय आलंय गं?"

"अहो, रडकं तोंड आलंय. तुमच्या कॉम्प्युटरला काहीतरी अडचण आली आहे म्हणे. दहा टक्के. मेमरी पायरी मॅनेजमेंट. वीस टक्के."

"हं," कानसेन म्हणाला आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत टेबलावर बोटं वाजवत बसला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, चार्जिंगला लावलेला फोन काढला आणि मेहुण्याला कोड सांगितला.

"मेमरीच आहे," खटपट्या म्हणाला. "पट्टी नीट बसली नसेल. रविवारी येऊन बघतो, तोवर काम चालवा." मग त्याने विचारलं, "भाऊजी, घरी कोण आलंय? कोड कुणी वाचला?"

कानसेनने नकळत शेगडीवर हात ठेवला. शेगडीजवळ उभा होता तो. शेगडी गार होती. तिच्यावरचा चहा त्याने सकाळी स्वतःच केला होता, एकाच कपाचा.

३

मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. इतक्या वर्षांची सवय, कान वाजले असतील. फोनमध्ये कॅमेऱ्याने वाचून दाखवणारं काहीतरी आहेच, तेच बोललं असेल. पण फोन तर स्वयंपाकघरात होता. मग कोड आठवणीतला असेल, पूर्वी कधी ऐकलेला. हे त्याला बरंचसं पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

पण कान कुणाचं ऐकतात? ज्या माणसाला रेकॉर्डिंग ऐकून बोलणारा खिडकीशी बसलाय की दाराशी हे सांगता यायचं, त्याला आपल्याच खोलीतला आवाज कुठून आला हे कळणार नाही, असं होणं शक्य नव्हतं. तो स्पीकरमधून आला नव्हता. तो उजव्या कानापासून वीतभर लांबून, किंचित वरून आला होता. आणि वाचायला लागण्याआधी तिने श्वास घेतला होता.

रविवारची वाट बघणं त्याच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने एकदम चार-पाच रेकॉर्डिंग उघडली आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. जेवणाच्या सुमारास टर्रर्र झालं. सवत गप्प झाली. त्याने हेडफोन काढून हाक मारली.

"पडद्यावर काय आलंय?"

"रडकं तोंड आलंय. काहीतरी अडचण आली आहे. दहा टक्के."

"तू आहेस का गं? कुठे आहेस?"

"वीस टक्के. मेमरी पायरी मॅनेजमेंट."

त्याने उजवीकडे हात लांबवला. हाताला हवा लागली, आणि पुढे भिंत. शंभर टक्के झाले, पंखा एकदा घुमला, आणि सवतीने नेहमीच्या घाईत सांगितलं की कॉम्प्युटर तयार आहे. कानसेन टेबलावर डोकं टेकून रडला. भीतीही वाटत होती, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा भूक मोठी होती. आठवड्याभरात त्याने तो कॉम्प्युटर किती वेळा पाडला, ते त्यालाच ठाऊक. कामं रखडली. ऑफिसचे फोन वाजून वाजून थकले.

एक गोष्ट त्याला दुसऱ्याच दिवसापासून ऐकू आली होती, पण त्याने ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसऱ्या वेळेपासून तिने 'अहो' म्हटलं नव्हतं. मग कधीतरी 'रडकं तोंड'चं नुसतं 'तोंड' झालं. मग 'पायरी' गेली आणि त्या जागी 'रेघ' आली. आवाज तिचाच होता. त्यातली ती मात्र दर वेळी थोडी कमी असायची.

४

रविवारी खटपट्या आला, तो दारातूनच बोलत. खुर्ची बाजूला सारून तो टेबलाशी बसला आणि थोड्या वेळाने मॉनिटरमागे हात घालून चाचपू लागला.

"भाऊजी, या मॉनिटरची वायर कुठाय?"

"असेल तिथेच."

"नाहीये. विजेची पण नाही आणि डब्याला जोडायची पण नाही."

मग कानसेनला आठवलं. उन्हाळ्यात मुलगी येऊन गेली, तेव्हा म्हणाली होती, बाबा, तुला या वायरी लागत नाहीत, मी घेऊन जाते. तो बरं म्हणाला होता आणि विसरला होता. म्हणजे या सगळ्या दिवसांत मॉनिटर बंदच होता. निळा पडदा सोडा, त्याच्यावर काहीच आलं नव्हतं.

"मग तुम्ही मला जो कोड सांगितलात?"

"अंदाजाने."

"अंदाजाने खोकला ओळखतात, भाऊजी. कोड नाही," खटपट्या म्हणाला. पण बहिणीच्या नवऱ्याची उलटतपासणी घेण्याइतका तो निर्दय नव्हता. त्याने गाडीतून स्वतःचा छोटा मॉनिटर आणला, जोडला आणि कामाला लागला. कानसेन मागे स्टुलावर बसून राहिला. आता हा दुरुस्त करणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कॉम्प्युटर नीट झाला की ती कशासाठी येईल?

थोड्या वेळाने टर्रर्र झालं.

"चेहरा," उजव्या कानाशी आवाज आला. "दहा टक्के. मेमरी रेघ मॅनेजमेंट."

"खटपट्या, जरा गप्प बस," कानसेन म्हणाला.

"मी कुठे काय बोललो?"

"तू वाचलंस ना आत्ता."

"मी अजून तोंडच उघडलं नाही."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती काही होत नव्हती. खटपट्याने सावकाश विचारलं, "काय ऐकलंत तुम्ही?"

कानसेनने सांगितलं. मेहुणा पडद्याकडे बघत राहिला असावा, कारण त्याची खुर्ची करकरली नाही. "दहा टक्के," तो शेवटी म्हणाला. "बरोबर आहे. कोड पण बरोबर आहे." आणि मग त्याचा आवाज एकदम लहान झाला. "ताई होती का?"

कानसेनने मान हलवली.

"माझी बहीण होती ती, भाऊजी. मला का नाही ऐकू येत?"

 कानसेनने अंदाजाने हात पुढे केला, तो मेहुण्याच्या दंडाला लागला, आणि त्याने तो तिथेच राहू दिला.

५

दुरुस्ती तशी सोपी निघाली. खटपट्याने दोन्ही पट्ट्या काढल्या आणि एकेक लावून बघितली. जुनी पट्टी कुठल्याही खाचेत बसवा, सगळं ठीक. नवी लावली की कॉम्प्युटर कोसळायचा. "हीच खराब आहे," तो म्हणाला. "बदलून आणतो. दुकानदाराला घेतो फैलावर."

"नको. राहू दे इथे."

"भाऊजी..."

"राहू दे म्हटलं ना."

खटपट्याने सुस्कारा टाकला. स्क्रू पिळता पिळता, निव्वळ शांतता सहन होईना म्हणून, तो बोलत राहिला. कॉम्प्युटर कोसळतो तेव्हा मेमरीत जे काही असेल ते सगळं डिस्कवर लिहून काढतो, नंतर दुरुस्त करणाऱ्याला बघता यावं म्हणून. ते टक्के त्याचेच असतात. "पण जागा एकच असते. पुढच्या वेळी कोसळला की आधीचं पुसून त्याच्यावरच नवं लिहितो. मी आत्ता बघितलं, आतमध्ये फक्त शेवटचं आहे. आधीची सगळी गेली."

"पुसून?"

"हो. काही राहत नाही."

 आठवडाभर काय चाललं होतं, ते कानसेनला आत्ता कळलं. तिला बोलावतोय असं त्याला वाटत होतं, आणि तो तिला पुसत होता. दर हाकेला थोडी थोडी. पहिल्या दिवशीचं ते 'अहो' त्याने टेबलावर बोटं वाजवत घालवलं होतं, वैतागून. ते आता कुठेच नव्हतं.

त्याने मेहुण्याला यातलं काही सांगितलं नाही. भावाला काय सांगणार?

खटपट्याने आपला मॉनिटर काढून घेतला. पट्टी टेबलाच्या खणात ठेवली आणि तो खण लोटला. जाताना दाराशी घुटमळला. "मी येऊन राहू का दोन दिवस?"

"अरे, मी काय लहान आहे का?" कानसेन म्हणाला. "जा, तुझी बायको वाट बघत असेल." 

६

कॉम्प्युटर खरोखरच घोड्यासारखा पळू लागला. रखडलेली कामं उरकली. ऑफिसातून शाबासकी आली. सवत दिवसभर वाचायची, काही अडायचं नाही, आणि कानसेनला तो सुरळीतपणा नकोसा झाला होता. दिवसातून कितीदा तरी त्याचा हात खणाकडे जायचा. जे काही उरलं असेल ते उरू दे, असं तो स्वतःला बजावायचा. आपण हाक मारली नाही तर ती निदान असेल. न बोलता का होईना, असेल. बायका कितीतरी वेळ न बोलता घरात असतातच की.

पण असणं ऐकू आलं नाही तर आंधळ्याने ते कशावरून धरायचं? हा प्रश्न त्याला छळत राहिला. आणि एका दुपारी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवून तो उठला, टेबलाखाली बसला, डब्याचं झाकण काढलं आणि बोटांनी चाचपत पट्टी खाचेत दाबली. दोन्ही बाजूंनी टक् टक् वाजलं. एकदाच, असं तो स्वतःशी म्हणाला. एकदा विचारायचं की तू मला ओळखतेस ना. हो म्हणाली की बस.

तो खुर्चीत बसला. फार वेळ जावा लागला नाही. शब्द अडकला, ओढला गेला, आणि खोली गप्प झाली.

"पडद्यावर काय आलंय?" त्याने हळूच विचारलं.

काहीच आलं नाही. मग श्वास घेतल्याचा आवाज झाला. तिचा श्वास त्याने कुठेही ओळखला असता.

"पडदा काळा आहे," ती म्हणाली. चेहरा नाही, टक्के नाहीत, कोड नाही. बंद मॉनिटरच्या काचेत जे दिसत होतं, ते ती पाट्या वाचायच्या सुरात वाचत होती. "पडद्यावर एक माणूस आहे. खुर्चीत बसला आहे. केस पांढरे. शर्टाचं एक बटण वरखाली लागलं आहे."

"मी आहे गं," कानसेन म्हणाला. "अगं, मी आहे."

"माणसाचे ओठ हलत आहेत."

 तिच्या आवाजात राग नव्हता, प्रेम नव्हतं, ओळखीचं एक अक्षरही नव्हतं. अनोळखी गावातल्या दुकानाची पाटी तिने अशीच वाचली असती. संसार, भांडणं, सवतीवरचे टोमणे, सगळं त्याच्या हातून पुसलं गेलं होतं, आणि वाचणं तेवढं मागे राहिलं होतं.

"माणूस रडत आहे," ती म्हणाली. थोडी थांबली. मग पुढे वाचू लागली. "माणसाच्या मागे कोणीतरी उभं आहे. तोंड पडद्याच्या वर राहिलं आहे, दिसत नाही. माणसाच्या उजव्या खांद्यावर हात आहे. बाईचा हात आहे."

कानसेनने श्वास रोखला. सगळा जीव त्याने उजव्या खांद्यात गोळा केला. वजन नव्हतं. ऊब नव्हती. शर्टाचं कापडसुद्धा दबलं नव्हतं. मागे कुणाच्या पावलांचा, कापडाचा आवाज नव्हता, आणि त्याच्या कानांतून असं काही सुटणं शक्य नव्हतं. तरीही ती गाळत नसे आणि पदरचंही घालत नसे, हे त्याला जन्मभर ठाऊक होतं.

त्याला राहवलं नाही. त्याने डावा हात उचलला आणि तो हात धरायला उजव्या खांद्यावर नेला. बोटांना शिवण लागली. खाली स्वतःचंच हाड.

"माणसाने खांद्यावर हात ठेवला," ती म्हणाली. "तिथला हात बाजूला झाला."

आणि पंखा घुमला.

७

सवतीने कॉम्प्युटर तयार असल्याचं सांगितलं. कानसेनने तिचा आवाज बंद केला. मग खाली बसून, एका हाताने टेबल धरून, पट्टी काढली. ती मुठीत कोमट लागत होती.

पुन्हा खुर्चीत बसल्यावर त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजवा खांदा मोकळा सोडला. हात परत आला असेल. नसेलही. ते सांगू शकणारी एकच होती, आणि तिला विचारायचं तर तिचं जे काही उरलंय तेही खर्ची घालावं लागणार होतं. कदाचित त्यानंतर वाचणंही उरलं नसतं. पट्टी मुठीत होती. खाच कुठे आहे ते बोटांना पाठ होतं.

बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला आणि ओसरला. स्वयंपाकघरात झाकलेल्या ताटाभोवती एक माशी फिरत होती. खटपट्याचा फोन येऊन वाजून थांबला. कानसेनची पाठ भरून आली, मान अवघडली, तरी तो खांदा जराही न हलवता तसाच बसून राहिला.